बावीस सेकंद

देशिंगकर साहेबांना आडनाव आधी वाचायची सवय होती. त्यामुळे त्यांच्या तोंडून "मगदूम" हा शब्द बाहेर पडताच अभिनंदन मगदूम खुर्चीतून अर्धा उठला. पुढचं नाव "त्रिशला" आहे हे कानात शिरलं तेव्हा तो पुरता उभा राहिलेला होता. आता बसणं वाईट दिसलं असतं. म्हणून त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांना ते फार आवडलं. बायकोची बढती जाहीर झाल्यावर सगळ्यांत आधी उठून टाळ्या वाजवणारा नवरा म्हणून कँटीनमध्ये आठवडाभर त्याचं कौतुक चाललं होतं.

कंपनीचं नाव 'ऊर्ध्वा'. सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत ती जिन्याच्या खुर्च्या बनवायची. लिफ्ट नसलेल्या इमारती आणि गुडघे गेलेली माणसं या दोन्हींची महाराष्ट्रात आता काही कमी नव्हती. जिन्याच्या कडेनं दातेरी रूळ बसवायचा, त्यावर खुर्ची चढवायची, बटण दाबलं की माणूस बसल्या जागी वरच्या मजल्यावर. 'सोपान' नावाची ती खुर्ची हजारो घरांत पोचली होती.

अभिनंदन तिथं बावीस वर्षं होता आणि मूल्य अभियांत्रिकीचा प्रमुख होता. त्याचं काम म्हणजे खुर्चीतल्या प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा : तू इथं कशासाठी आहेस? उत्तर दोन शब्दांत यायला हवं. 'भार पेलतो', 'धूळ रोखतो', 'आवाज दाबतो'. ज्याला असं उत्तर देता येत नाही, तो भाग काढायचा. ज्याचं उत्तर लहान आणि किंमत मोठी, त्याच्या जागी दुसरा शोधायचा. त्रिशला त्याच्यानंतर पाच वर्षांनी कंपनीत आली. ती 'लीन'वाली, म्हणजे कामातला वाया वेळ काढून टाकणारी. तिला भागांशी देणंघेणं नसे. ती शॉपवर, म्हणजे कारखान्यातल्या जोडणीच्या दालनात, उभी राहून माणसांच्या हालचाली बघायची. कोण कुणासाठी थांबतंय, कोण काय शोधत फिरतंय, कुठलं काम दोनदा होतंय. जी पायरी गिऱ्हाइकाच्या उपयोगाची नाही, ती तिच्या लेखी वाया.

घरी या दोन विद्यांची जुगलबंदी चालायची. तो म्हणायचा, "जो भाग मुळात नकोच आहे, तो तुम्ही लोक दोन मिनिटांऐवजी एका मिनिटात बसवता आणि पेढे वाटता." ती म्हणायची, "आणि तुम्ही भाग स्वस्त शोधता, मग तो बसवताना पोरींच्या बोटांची सालं निघतात, ते कुठल्या रकान्यात धरता हो?" मग दोघं हसायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बरीचशी अशा भांडणात मजेत गेली होती.

आता दोन्ही विभाग एक करून 'मूल्यप्रवाह' असा नवा विभाग निघाला होता, आणि त्याची प्रमुख त्रिशला होती. अभिनंदन तिच्या हाताखाली उपप्रमुख.

विभाग एक करणं भाग पडलं ते 'लेपा'मुळे. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेतून आलेला हा लेप दिसायला साध्या राखाडी रंगासारखा. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी कुप्या असतात, काही कच्च्या, काही पक्क्या. धातूवर ताण आला की त्या ताणाच्या मापानं कुप्या फुटतात. किती आणि कुठल्या फुटल्या हे वाचकयंत्र फिरवून मोजलं, की त्या भागानं जन्मापासून किती जोर सोसला याचा हिशेब मिळतो. तोच लेप कामगारांच्या हातमोज्यांना आणि हत्यारांना लावला की कुठल्या हातानं कुठल्या क्षणी किती दाब दिला हेही कळतं. म्हणजे जे अभिनंदन बैठकीत अंदाजानं ठरवायचा आणि जे त्रिशला घड्याळ घेऊन टिपायची, ते दोन्ही आता एकाच शाईत लिहिलं जात होतं. ती शाई वाचणाऱ्या प्रणालीचं नाव 'पारख'. दोन वर्षं लोकांच्या घरी वापरलेल्या सहाशे खुर्च्या पारखनं वाचल्या, शॉपवरचे सगळे हातमोजे वाचले, आणि कुठला भाग आणि कुठली पायरी फुकट आहे याची एकत्र यादी करायला घेतली.

बढतीच्या दुसऱ्या दिवसापासून अभिनंदनला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. त्रिशलाच्या केबिनला खिडकी होती. लोक त्याच्या टेबलाशी येऊन विचारायचे, "मॅडम मोकळ्या आहेत का हो?" बैठकीत त्यालाही तिला मॅडमच म्हणावं लागे आणि ती त्याला "मगदूम सर" म्हणे. हे पूर्वीही होतं. पण पूर्वी त्यात गंमत असायची. ती फोनवर देशिंगकर साहेबांशी बोलताना हसली की तो शेजारच्या खोलीत बसून हसणं किती वेळ चाललं ते मोजायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे तिला यातलं काहीच कळत नव्हतं. ती पूर्वीसारखीच त्याच्याशी बोलत होती, आणि त्याला तेच सोसवत नव्हतं. तिनं थोडी तरी मिजास केली असती तर त्याला रागाला जागा मिळाली असती.

ती दोघं सूर्यास्तापूर्वी जेवणारी. पूर्वी त्रिशलाला उशीर होणार असला की अभिनंदन पाच वाजता विश्रामबागच्या घरून डबा मागवून तिच्या टेबलावर ठेवायचा. त्यानं ते बंद केलं. भांडण नाही, बोलणं नाही, फक्त बंद. पहिल्या दिवशी ती उपाशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच स्वतःचा डबा घेऊन निघू लागली, आणि पाचच्या सुट्टीत शॉपवर जुलेखा मुजावरच्या बाकावर बसून खाऊ लागली. जुलेखाआपा पंधरा वर्षं जोडणीच्या कामावर होत्या. सगळी शॉप त्यांना आपा म्हणायची. अभिनंदननं वरच्या काचेतून त्या दोघींना भाकरी खाताना पाहिलं आणि त्याला त्याचाही हेवा वाटला.

पारखची यादी आली तो सोमवार होता. चारशे बारा भागांपैकी एकसष्ट भाग फुकट आणि अठ्ठ्याऐंशी पायऱ्या फुकट. बैठकीला चौदा माणसं होती. त्रिशला पडद्यावर एकेक ओळ घेत होती आणि ज्याचा त्याचा आक्षेप विचारत होती. भाग क्रमांक दोनशे सतरा आला तेव्हा दोघंतिघं हसले. त्या भागाला शॉपवर 'मगदूम पिन'च म्हणत.

बोटाच्या पेराएवढी पोलादी पिन. खुर्चीचं मुख्य चाक तुटलंच, तर स्प्रिंगवर ताणून धरलेला एक पंजा सुटतो आणि रुळाच्या दातांत रुतून खुर्ची जागच्या जागी रोखतो. पंजा दातातून वर उसळू नये म्हणून ही पिन त्याच्या पाठीशी बसवलेली. सहाशे घरांत कुणाचं मुख्य चाक कधी तुटलंच नव्हतं. त्यामुळे सहाशेच्या सहाशे पिना कोऱ्या होत्या, एकही कुपी फुटलेली नाही. पंजेही कोरेच होते, पण पंजा कायद्यानं बंधनकारक, म्हणून पारखनं त्याला हात लावला नव्हता. पिन कायद्यात नव्हती.

"मगदूम सर, दोनशे सतराबद्दल तुमचं काही?" त्रिशलानं विचारलं.

अभिनंदनला चौदा वर्षांपूर्वीचा दिवस लख्ख दिसला. कारखान्यामागचा चाचणीचा मनोरा, खुर्चीत पंचाण्णव किलो वाळूची पोती, त्यानं दोरी ओढून चाकाची कळ काढली आणि पंजा रुतला, मग उसळला, आणि खुर्ची खडखडत नऊ पायऱ्या खाली गेली. त्यानं चार दिवसांत ही पिन बसवली. पुन्हा तीनदा चाचणी घेतली, तिन्ही वेळा खुर्ची जागेवर थांबली. खुर्ची बाजारात जायची तारीख जवळ होती, तेव्हाच्या साहेबांना नवा वाद नको होता. म्हणून घसरण्याचा अहवाल झालाच नाही आणि पिनेची नोंद 'किरकोळ सुधारणा' अशी झाली. त्या दिवशी मनोऱ्यापाशी असलेल्या चौघांपैकी साहेबांसकट तिघं कंपनी सोडून गेले होते. पिन का आहे हे आता कंपनीत फक्त अभिनंदनला माहीत होतं.

"लेप सांगतो ते खरं," तो म्हणाला. "मला काही म्हणायचं नाही."

त्रिशलानं त्या ओळीवर खूण केली.

त्यानं मनाशी ठरवलं होतं ते फार दुष्टपणाचं नव्हतं, निदान त्याला तसं वाटलं नाही. नव्या खुर्चीची मनोऱ्यावर चाचणी होणार. देशिंगकर साहेब समोर उभे असणार. खुर्ची घसरणार, वाळूची पोती फुटणार. त्रिशलाचा चेहरा उतरणार. मग तो पुढे होऊन सांगणार की हे असं असं आहे. कुणाला इजा नाही. फक्त एकदा, चारचौघांत, तिला कळू दे.

गुरुवारी त्याला कळलं की मनोऱ्यावर चाचणी होणारच नाही. नियम असा होता की महत्त्वाचा भाग बदलला तरच मनोरा. किरकोळ नोंदीचा भाग काढला तर पारखची आकडेमोड पुरे. आणि आकडेमोडीप्रमाणे पंजा एकटा पुरेसा होता. चौदा वर्षांपूर्वीही आकडेमोड हेच म्हणाली होती.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण आता उघडलं तर सोमवारी का उघडलं नाही, हे सांगावं लागलं असतं. एक दिवस गेला, दुसरा गेला. नवी लाइन सुरू झाली. पूर्वी एका खुर्चीला सहा तास लागत, आता साडेतीन. देशिंगकर साहेब लाइनवर येऊन त्रिशलाला म्हणाले, "कमाल केलीत!" अभिनंदन शेजारीच उभा होता. ती हसली तेव्हा ते हसणं किती वेळ चाललं ते त्यानं मोजलं, आणि त्या मोजण्यात त्याची भीती बुडून गेली. अठ्ठेचाळीस खुर्च्या तयार होऊन गोदामात गेल्या. मिरजेला निवृत्त परिचारिकांची एक वसाहत होती, तीन मजली, बिनलिफ्टची. पहिली खेप तिकडे जायची होती. शुक्रवारी दुपारी ट्रक लागणार होता.

शुक्रवारी सकाळी दोघं एकाच गाडीनं कामावर निघाली. गाडी आपली आपण चालत होती. पूर्वी अवघड बोलणं निघालं की चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघता यायचं. आता तीही सोय राहिली नव्हती. त्रिशलाचे डोळे तांबारले होते. आठवडाभर ती धड झोपली नव्हती.

"एकसष्टच्या एकसष्ट भाग मी परत तपासले," ती म्हणाली. "पारखवर आपला पूर्ण भरवसा नाही बाई. प्रत्येकाची जुनी कागदपत्रं काढली. फक्त एकाची नाही काढली."

"कुठल्या?"

"तुमच्या पिनेची. म्हटलं, तुम्ही स्वतः बसलेला होतात. काही असतं तर बोलला असतात." तिनं डोळे मिटून मान मागे टेकली. "तेवढं एक ओझं कमी झालं."

गाडी कुपवाडच्या वळणावर आली. अभिनंदनला आपला श्वास ऐकू येत होता. त्याच्या गप्प बसण्याला तिनं साक्ष मानलं होतं. बाकी साठ भागांसाठी तिला कागद लागले होते, या एकासाठी तो पुरला होता.

"ट्रक थांबव," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. त्यानं सगळं सांगितलं. वाळूची पोती, नऊ पायऱ्या, किरकोळ सुधारणा. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, पण ती आपल्याकडे बघतेय हे त्याला कळत होतं.

"हे तुम्हाला आज आठवलं?"

"नाही."

"कधी?"

"सोमवारी. गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या. तू विचारलंस तेव्हाच."

"अकरा दिवस," ती म्हणाली. मग तिनं फोन काढला, गोदामात लावला आणि अगदी नेहमीच्या आवाजात ट्रक थांबवायला सांगितलं.

मनोऱ्याची चाचणी अकरा वाजता ठरली. त्रिशलानं साहेबांना एवढंच सांगितलं की विभागातून एक शंका आली आहे. गोदामातल्या पेट्या सीलबंद होत्या. सील तोडायचं तर दर्जा विभागाचा कागद लागणार आणि त्यात दुपार जाणार. तेव्हा अभिनंदननंच सुचवलं, "जुन्या लाइनवरची एक घेऊ. तिची पिन काढली की झाली तीच खुर्ची."

जुनी लाइन मोडायची बाकी होती आणि जुलेखाआपा तिथं राहिलेल्या सुट्या भागांतून शेवटच्या खुर्च्या जोडत होत्या. त्यातली एक मनोऱ्यावर चढवली. पिन काढली. वाळूची पोती बांधली. देशिंगकर साहेब हाताची घडी घालून उभे राहिले. शॉपवरची तीसेक माणसं जमली. अभिनंदननं स्वतः दोरी धरली. त्याला घाम फुटला होता. आणि खरं सांगायचं तर, त्या घामातही एक हलकीशी आशा होती, की आता सगळ्यांना दिसेल.

त्यानं दोरी ओढली. खट्ट आवाज झाला. खुर्ची जागच्या जागी थांबली.

पुन्हा ओढली. पुन्हा खट्ट. वजन वाढवून एकशे वीस किलो केलं. खट्ट. नऊ वेळा ओढली आणि नऊ वेळा खुर्ची एक दातभरही हलली नाही.

"ही कसली शंका, मगदूम?" देशिंगकर साहेब म्हणाले. "ट्रक थांबवलात. मिरजेची माणसं फोन करून हैराण झालीत." ते आत निघून गेले. माणसं पांगली. कुणीतरी हळू आवाजात काही म्हणालं आणि दोघंजण हसले.

अभिनंदन मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून राहिला. पिन त्याच्या तळहातावर होती. चौदा वर्षं ती हजारो जिन्यांवर चढली-उतरली होती आणि एका क्षणालाही कुणाच्या उपयोगाची नव्हती. कागदावर किरकोळ असली, तरी त्या पिनेसाठी त्याला तेव्हाच्या साहेबांनी ढाल दिली होती. तिच्या जोरावर तो विभागप्रमुख झाला होता.

त्रिशला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती त्याची समजूत काढायला आलेली नव्हती.

"ती खुर्ची घसरली होती का?" तिनं विचारलं. "खरं सांगा. आता तरी."

"नऊ पायऱ्या. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग पिन फुकट असेल, पण घसरणं फुकट नाही. काहीतरी तिला धरून ठेवतंय आणि ते काय आहे ते आपल्याला माहीत नाही." तिनं मनोऱ्यावरच्या खुर्चीकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, पिन काढली की झाली तीच खुर्ची. तीच कशी? ही जुन्या लाइनवर बनलीय. भाग तेच असतील. हात ते नाहीत."

दोघं शॉपवर गेली. जुलेखाआपा मान खाली घालून काम करत होत्या. त्रिशला थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आपा, डबा खाताना रोज बघते मी. पंजा बसवायच्या आधी तुम्ही त्या दगडावर तो घासता. कशासाठी?"

आपांनी बाजूचा बारीक तेलदगड उचलून दाखवला. "हा? बर काढते, मॅडम. पंजाच्या दाताच्या कडेला बर राहते ना, कापताना. धातूचा बारीक ओठच म्हणा. नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. तीन हात मारले की जातो."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी नवीन होते तेव्हा. एक खुर्ची घसरून पडली होती मनोऱ्यावरून, सगळे साहेब लोक धावत होते. तिचा पंजा दुरुस्तीला माझ्याकडेच आला. बघते तर दाताची बर चेपून चकचकीत झालेली. म्हटलं, ही दात नीट बसूच देत नसणार. दुसऱ्या दिवसापासून घासायला लागले."

"आणि सांगितलं नाहीत?" अभिनंदन न राहवून म्हणाला.

आपांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तेव्हाच्या सुपरवायझरना सांगितलं होतं, सर. ते म्हणाले, मगदूम साहेबांनी पिन बसवलीय, आता काळजी नाही. तू तुझं काम कर. मग मी माझं काम केलं."

त्रिशलानं पारखची पायऱ्यांची यादी काढली. काढून टाकलेल्या अठ्ठ्याऐंशीत ती होती : 'पंजा दगडावर घासणे, बावीस सेकंद. आकारात मोजण्याजोगा बदल नाही. फुकट.' नव्या लाइनवर तेलदगडच ठेवलेला नव्हता.

दुपारी सील तुटलं. नव्या लाइनवरची खुर्ची मनोऱ्यावर चढली. या वेळी दोरी त्रिशलानं ओढली. पंजा रुतला, उसळला, आणि खुर्ची खडखडत पायऱ्यांवरून खाली येऊन जमिनीवर आदळली. पोतं फाटून वाळू पसरली. दुसऱ्या खुर्चीत पिन घालून पाहिलं. तीही घसरली. पिन काडीसारखी वाकली. मग तिसरीचा पंजा आपांनी तिथंच मनोऱ्याशी उकिडवं बसून घासला. पिन नाही, काही नाही. खट्ट.

सगळा उलगडा झाला तो असा. चौदा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या होत्या : अभिनंदननं पिन बसवली आणि आपांनी घासायला सुरुवात केली. खुर्ची थांबली, आणि श्रेय पिनेला गेलं. भागांचा विचार करणाऱ्यानं भागातच उत्तर पाहिलं. पायऱ्या मोजणाऱ्यांना पायरी बिनकामाची वाटली, कारण तिच्यानं आकार बदलत नव्हता. आणि लेपाला तरी काय दिसणार? लेप सोसलेला जोर लक्षात ठेवतो. जो ओठ आपांनी आधीच काढून टाकलेला, त्याची आठवण कुठल्या कुपीत राहणार? 'पकड टिकवणे' हे काम चारशे बारा भागांपैकी एकातही नव्हतं. ते त्या बावीस सेकंदांत होतं. विभाग दोन होते तोवर ते सुरक्षित राहिलं होतं, कारण कुणी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

देशिंगकर साहेबांनी सगळे पंजे घासून घ्यायला सांगितलं. अठ्ठेचाळीस पंजे घासायला संध्याकाळ झाली.

शनिवारी त्रिशलानं अभिनंदनला केबिनमध्ये बोलावलं. घरात आदल्या संध्याकाळपासून दोघांत कामापुरतंही बोलणं झालेलं नव्हतं. तिनं टेबलावरून एक छापील कागद त्याच्याकडे सरकवला. अशा प्रत्येक घटनेनंतर भरायचा हा कागद. काय घडलं, कधी लक्षात आलं, कधी कळवलं, मूळ कारण, पुन्हा घडू नये म्हणून उपाय.

"पंजाचा मी भरलाय," ती म्हणाली. "हा दुसरा आहे. माहिती असूनही अकरा दिवस विभागाला मिळाली नाही, त्याचा. मी भरणार नाही. तुम्ही भरा."

"हा साहेबांकडे जाणार?"

"जाणार. मिरजेत त्यावर माणसं बसणार होती."

त्यानं पेन उघडलं. काय घडलं ते लिहिलं. तारखा लिहिल्या. चौदा वर्षांपूर्वीचा न लिहिलेला अहवालही चार ओळींत लिहून काढला, नऊ पायऱ्यांसकट. मूळ कारणाच्या रकान्यात त्यानं 'वैयक्तिक' असं लिहिलं आणि कागद परत दिला.

त्रिशलानं वाचला. "वैयक्तिक म्हणजे?"

"त्रिशला..."

"शॉपवरच्या पोरानं असं मोघम लिहिलं तर मी कागद परत पाठवते. तुम्हालाही परतच देईन. का, ते लिहा. त्याच्याही मागचं का, ते लिहा." तिनं कागद परत त्याच्यापुढे सरकवला. "मलाही कळायला हवंय. मी काय केलं होतं?"

"तू काही केलं नव्हतंस," तो म्हणाला. "तेच तर."

त्यानं शब्द खोडला आणि त्याच्यावर दुसरा लिहिला : हेवा.

बावीस वर्षांत कंपनीच्या कुठल्याही कागदावर तो शब्द कुणी लिहिला नसेल. लिहिल्यावर तो अगदी लहान दिसला. खिडकीतून शॉपचा गलका ऐकू येत होता. सोमवारी जुलेखाआपांचा सत्कार होणार होता. तीन मुली त्यांच्या हाताखाली दगड चालवायला शिकणार होत्या, आणि त्या कामाला शॉपवर सगळे आताच 'आपा-हात' म्हणायला लागले होते. ते नाव गलक्यात किती वेळा आलं ते अभिनंदननं पुन्हा मोजायला घेतलं. त्यानं ते मोजणं ओळखलं. अठ्ठेचाळीस पंजे घासून ते गेलेलं नव्हतं.

"शेवटचा रकाना राहिला," त्रिशला म्हणाली. "उपाय."

तो पेन धरून बसला. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. यापुढे असं होणार नाही, असं लिहिता आलं असतं. बदली मागता आली असती. माफी मागता आली असती, आणि ती त्याला मागायचीही होती, पण या कागदावर नव्हे.

शेवटी त्यानं लिहिलं : 'अद्याप सापडलेला नाही. शोध चालू आहे.'

त्रिशलानं कागद आपल्याकडे ओढला. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग त्याच्या सहीखाली, तपासणाऱ्याच्या जागी, तिनं आपली सही केली आणि कागद साहेबांकडे जायच्या पेटीत टाकला.

"पाच वाजत आले," ती उठत म्हणाली. "चला. जेवून घेऊ."